एका रात्रीचे चीवर : चकमा गावांतील कठिन चीवरदान

आश्विन पौर्णिमेस महापवारणा होऊन भिक्खूंचा वर्षावास संपतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा एक महिना कठिन चीवरदानाचा असतो. महाराष्ट्रातील विहारांतही आता हा विधी बऱ्याच ठिकाणी होतो. उपासक बाजारातून शिवलेले चीवर आणतात, ते थाळीत ठेवून भिक्खुसंघास अर्पण करतात, परित्राणपाठ होतो, भोजन होते व कार्यक्रम संपतो. यात वावगे काही नाही. परंतु बांगलादेशाच्या आग्नेय कोपऱ्यातील चितगाव डोंगरी प्रदेशात चकमा बौद्धांच्या गावी हाच विधी ज्या रीतीने होतो, ती आपल्याकडील फार थोड्या उपासकांस ठाऊक आहे. तेथे चीवर विकत आणीत नाहीत. कापसातून सरकी काढण्यापासून सूत कातणे, रंगविणे, विणणे आणि शिवणे ही सर्व कामे चोवीस तासांच्या आत गावातील माणसेच करतात, आणि विणकाम रात्रभर चालते.

हा प्रघात बुद्धकाळापासून अखंड चालत आला आहे, असे तेथील श्रद्धाळू उपासक सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र यातले तीन वेगवेगळे धागे निरखून घ्यावे लागतात : विनयातील नियम, दक्षिण आशियापलीकडील बौद्ध देशांतील लोकरीत, आणि विसाव्या शतकात एका विस्थापित समाजाने केलेली पुनर्रचना. यांतील तिसरा धागा सर्वांत अलीकडचा आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम विनय पाहू. विनयपिटकातील महावग्गात कठिनक्खन्धक नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पावा येथील तीस भिक्खू भगवंतांच्या दर्शनासाठी श्रावस्तीस निघाले होते. ते सर्व अरण्यवासी, भिक्षान्नावर राहणारे व पांसुकूल धारण करणारे होते. वाटेत साकेत येथे पोहोचले तोच वर्षावास सुरू झाला आणि त्यांना तेथेच थांबावे लागले. श्रावस्ती जवळ असूनही तीन महिने दर्शन घडले नाही. पवारणा होताच ते निघाले. पण पाऊस थांबला नव्हता. चिखल तुडवीत, भिजलेली चीवरे अंगावर घेऊन, थकून ते जेतवनात आले. त्यांची ती अवस्था ऐकून भगवंतांनी वर्षावास पूर्ण केलेल्या भिक्खूंना कठिनाची अनुज्ञा दिली.

या अनुज्ञेने भिक्खूंना पाच सवलती मिळतात. निमंत्रण स्वीकारल्यानंतर सोबतच्यांना न विचारता दुसऱ्या घरी जाता येते. तिन्ही चीवरे बरोबर न घेता प्रवास करता येतो. चौघांनी वा अधिकांनी एकत्र भोजन घेता येते. लागेल तितके चीवरवस्त्र जवळ ठेवता येते. आणि त्या आवासात आलेल्या वस्त्रांवर तेथे वर्षावास केलेल्यांचाच हक्क राहतो. ज्याला चीवराची खरी गरज आहे अशा एका भिक्खूस संघ ते वस्त्र देतो. त्याच दिवशी ते कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते. बाकीचे भिक्खू अनुमोदन करतात व सवलतींचे वाटेकरी होतात. 'कठिन' हे नाव ज्या लाकडी चौकटीवर कापड ताणून शिवीत, तिच्यावरून आले. कठिन शब्दाचा अर्थ 'अवघड दान' असा जो नेहमी सांगितला जातो, तो नंतरचा आहे. दायकाला किती पुण्य लाभते, याची चर्चाही या प्रकरणात नाही. चर्चा आहे ती भिजलेल्या भिक्खूंच्या सोयीची आणि एका आवासात राहिलेल्यांच्या एकोप्याची.

चकमा उपासक-उपासिका या रीतीला 'विशाखेची पद्धत' म्हणतात. महाउपासिका विशाखेने चोवीस तासांत सूत कातून, कापड विणून भगवंतांना चीवर दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. महावग्गाच्या कठिनप्रकरणात ही कथा नाही. विशाखेने भगवंतांकडे मागितलेले आठ वर महावग्गात अन्यत्र आले आहेत, आणि त्यांत भिक्खूंसाठी वर्षाकाळचे वस्त्र देण्याचाही वर आहे. पण तेथे माग नाही, रात्रही नाही. मात्र स्त्रीने स्वतः विणलेल्या वस्त्राचा पुरावाच हवा असेल तर तो मज्झिमनिकायाच्या दक्खिणाविभङ्ग सुत्तात मिळतो. महाप्रजापती गौतमीने स्वतः कातलेली व स्वतः विणलेली नवी वस्त्रांची जोडी भगवंतांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती संघाला द्यावयास सांगितली. आईने पुत्रासाठी विणलेले वस्त्र संघाचे झाले. प्रस्तुत लेखकास वाटते की कठिनाच्या मुळाशी असलेली दृष्टी विशाखेच्या लोककथेपेक्षा गौतमीच्या या प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते.

मग एका रात्रीची अट कोठून आली? त्याच दिवशी चीवर पुरे करण्याच्या विनयनियमात तिचे बीज आहे. त्या बीजाला लोकांनी अनेक देशांत जवळजवळ सारखीच फांदी फोडली. थायलंडमध्ये 'चुल कठिन' म्हणतात तो विधी असाच आहे : कापूस वेचण्यापासून चीवर होईपर्यंत एक दिवस. ब्रह्मदेशात तझाउंगदाईंगच्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री मागांवर चीवर विणण्याची जुनी चाल आहे. त्यांची आख्यायिका विशाखेची नसून मायादेवीची आहे. चितगावचे डोंगर अराकानला लागून आहेत आणि तेथील धम्माची नाळही अराकानशी जुळलेली आहे. म्हणून चकमांच्या चीवररात्रीचे जवळचे नाते याच परंपरेत शोधणे सयुक्तिक ठरेल.

येथे चकमांच्या धम्माविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्यांची कहाणी आपल्याकडील वाचकास एकाच वेळी परकी आणि ओळखीची वाटेल. चकमा हा त्या डोंगरी प्रदेशातील सर्वांत मोठा आदिवासी समाज. बांगलादेशाच्या २०२२ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ४ लाख ८३ हजार भरली. त्याखेरीज मिझोराम, त्रिपुरा आणि अरुणाचल प्रदेशातही त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांची भाषा आर्यकुलातील, चितगावच्या बोलीला जवळची. लिपी मात्र ब्रह्मी वळणाची. त्यांची शेती झूमची, म्हणजे डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून, पहिल्या पावसाबरोबर एकाच खळग्यात भात, कापूस, तीळ, भोपळा यांचे बी टाकण्याची. सह्याद्रीतील कुमरी शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती समजेल. झूममधला कापूस घरीच कातला जाई आणि घरीच विणला जाई. पूर्वी डोंगरी मुखियांकडून मोगलांना व पुढे ईस्ट इंडिया कंपनीला जो कर जाई, तोदेखील कापसाच्या रूपानेच. त्यावरून त्या प्रदेशाला 'कार्पास महाल' असे नाव पडले होते.

एकोणिसाव्या शतकापूर्वी चकमा गावांतील धार्मिक कृत्ये 'लुरी' नावाचे पुरोहित करीत. त्यांच्याजवळ 'आगरतारा' नावाच्या हस्तलिखित पोथ्या असत. त्यांतील पाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांत ओळखू येईनाशी झाली होती. बुद्धाचे नाव होते, परंतु नदीची पूजा, डोंगराची पूजा आणि बळीही त्याच्या शेजारी नांदत होते. १८५६ च्या सुमारास अराकानचे संघराज सारमेध महास्थविर चितगावास आले. त्यांनी तेथील भिक्खूंना विनय समजावून दिला, आणि १८६४ साली काही भिक्खूंनी त्यांच्या हातून नव्याने उपसंपदा घेतली. त्यातून संघराज निकाय उभा राहिला. त्या काळी चकमांच्या गादीवर कालिंदी राणी होती. इंग्रज अधिकाऱ्यांशी, विशेषतः कॅप्टन लेविन यांच्याशी, या विधवा राणीने वर्षानुवर्षे निर्भयपणे सामना दिला. तिने सारमेधांना आश्रय दिला, राजानगर येथे महामुनी विहार बांधला आणि ब्रह्मी ग्रंथाच्या आधारे बुद्धचरित्र बंगालीत करविले. 'बौद्धरंजिका' हे त्याचे नाव. आपल्या प्रजेला धम्म तिला कळेल अशा भाषेत मिळाला पाहिजे, हे एका राणीला त्या काळात उमगले होते.

या सुधारणेत लुरी मागे पडले आणि आगरतारा पोथ्या अडगळीत गेल्या. बळी थांबले हे चांगलेच झाले. पण त्या पोथ्या आधी नीट जमवून, वाचून मग बाजूला ठेवल्या गेल्या असत्या तर एका समाजाच्या बौद्ध स्मृतीचा मध्ययुगीन दुवा अभ्यासकांच्या हाती अधिक चांगल्या स्थितीत आला असता.

याच चितगावच्या मातीतून कृपाशरण महास्थविर पुढे आले. त्यांनी १८९२ साली कलकत्त्यास बौद्ध धर्मांकुर सभा स्थापिली. अराकानच्या परंपरेचा आणखी एक धागा तर थेट नागपुरास पोहोचतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील दिले, ते कुशीनाऱ्याचे पू. भदन्त चंद्रमणी महास्थविर जन्माने अराकानमधील अक्याबचे. तो दिवस आश्विन शुद्ध दशमीचा होता. त्यानंतर चार-पाच दिवसांनी पवारणा आली आणि कठिनाचा महिना सुरू झाला. दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो लोकांना तेव्हा कठिन हा शब्दही ठाऊक नव्हता. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. वर्षावासाला गावोगाव भिक्खूच नव्हते.

त्याच दशकात चकमांवर मोठे संकट येत होते. १९४७ च्या फाळणीत डोंगरी प्रदेशातील ९७ टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिमेतर असतानाही रॅडक्लिफ निवाड्याने तो पाकिस्तानला दिला. १५ ऑगस्टला रांगामाटीत स्नेहकुमार चकमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताचा तिरंगा उभारला होता. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, आणि २१ तारखेला पाकिस्तानी सैनिकांनी तो ध्वज उतरविला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले. ते १९६२ मध्ये पूर्ण झाले. त्या जलाशयाखाली सुमारे ५४,००० एकर शेतजमीन गेली. त्या प्रदेशातील लागवडीखालच्या चांगल्या जमिनीचा तो चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग होता. जवळजवळ एक लाख माणसे उठली. जुने रांगामाटी गाव आणि चकमा राजवाडाही पाण्यात गेला. सुमारे चाळीस हजार लोक भारतात आले. त्यांतील अनेकांना १९६४ पासून तेव्हाच्या ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसविण्यात आले. त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये द्यावा लागला. चकमा लोक धरणाच्या त्या घटनेला 'बर परंग' म्हणतात. म्हणजे मोठे स्थलांतर.

पाण्याने उठविलेल्यांत एक अरण्यवासी श्रमणही होते. रथींद्र चकमा हे त्यांचे गृहस्थाश्रमातील नाव. १९२० साली रांगामाटीजवळच्या खेड्यात जन्मलेल्या या तरुणाने १९४९ मध्ये चितगावच्या नंदनकानन विहारात प्रव्रज्या घेतली आणि तो एकटाच अरण्यात साधनेस गेला. ती साधनाभूमीही जलाशयाखाली आली, तेव्हा ते दिघीनाला भागात गेले. १९६१ मध्ये त्यांची उपसंपदा झाली. साधनानंद महास्थविर हे त्यांचे भिक्खुनाम. पण लोक त्यांना 'वनभंते' म्हणत. नंतर ते लंगदूजवळ तिनटिला येथे येऊन राहिले. १९७३ साली तेथेच त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'विशाखेच्या पद्धतीने' कठिन चीवरदान झाले. पुढे ते चकमा राजघराण्याने दिलेल्या जागेवर, रांगामाटीच्या राजवन विहारात आले, आणि तेथून ही रीत डोंगरी प्रदेशातील विहारांत पसरली. ३० जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

१९७३ हे साल लक्षात ठेवावे. आदल्याच वर्षी नव्या बांगलादेशाची राज्यघटना झाली होती, आणि तीत देशाचे सर्व नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील असे कलम आले होते. डोंगरी प्रदेशाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी संविधानसभेत उभे राहून आपण बंगाली नाही, चकमा आहोत, असे सांगितले आणि सभात्याग केला. लारमा राजकारणी होते, वनभंते अरण्यातील भिक्खू होते. दोघांचे मार्ग निराळे. चीवररात्रीचा तो पहिला प्रयोग राजकीय हेतूने झाला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि ज्यांचे नाव घटनेतून पुसले गेले, त्या लोकांनी त्याच वेळी आपल्या घरातील माग उचलून विहारात आणला, ही घटना इतिहासकाराला नुसती नोंदवून पुढे जाता येत नाही.

तो माग म्हणजे काय हे समजल्याशिवाय या उत्सवाची गोडी कळावयाची नाही. चकमा भाषेत त्याला 'बेइन' म्हणतात. त्याला चौकट नाही, पावड्या नाहीत. ताण्याचे एक टोक खांबाला किंवा भिंतीला बांधतात; दुसरे टोक विणणारीच्या कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला अडकवितात. ती जमिनीवर पाय लांब करून बसते आणि पाठ मागे रेलून ताणा ताठ करते. किंचित पुढे झुकली की तो सैल पडतो. म्हणजे मागाचा अर्धा भाग तिचे शरीरच असते. बांबूच्या काही कांबी आणि बाणा ठोकण्यासाठी तलवारीच्या आकाराची लाकडी पट्टी, एवढीच सामग्री. चकमा स्त्रीचे नेसावयाचे 'पिनोन' आणि छातीवरचे 'खादी' याच मागावर होते. त्यांतील सर्व नक्षींचे नमुने विणून ठेवलेल्या कापडाला 'आलाम' म्हणतात, आणि आई ते मुलीपुढे ठेवून विणकाम शिकविते. जिची सारी कीर्ती नक्षीत, ती या रात्री एकही फूल न काढता सरळ, साधे कापड विणते. चीवराला नक्षी चालत नाही.

उत्सवाच्या दिवशी दुपारपासून शेजारच्या गावांतील लोक विहाराकडे येऊ लागतात. विहाराला तेथे 'कियोंग' असाही शब्द आहे. आवारात बांबूचा मांडव, त्याला 'बेइनघर' म्हणतात. त्यात मागांच्या रांगा लागतात. राजवन विहारासारख्या मोठ्या ठिकाणी शंभराहून अधिक माग असतात आणि एकेका मागावर चौघीजणी आळीपाळीने बसतात. लहान गावी मागांची संख्या बेताचीच. पंचशील ग्रहण झाल्यावर कामाला आरंभ होतो. कोणी सरकी काढते, कोणी कापूस पिंजून पेळू करते, चरख्यावर सूत निघते. मोठ्या भांड्यांत रंग उकळत असतो. सूत त्यात बुडवून, पिळून, वाळवावयाचे असते, आणि कार्तिकातील दमट हवेत हेच काम सर्वांत अवघड. म्हणून विस्तवाच्या उबेवर लडी धराव्या लागतात. अंधार पडेपर्यंत ताणे लागतात. मग रात्रभर ठोकण्याचा आवाज. पुरुष दिवे सांभाळतात, पाणी व चहा पुरवितात, लाकूडफाटा आणतात. म्हाताऱ्या बायका विणणाऱ्या मुलींच्या मागे बसून तुटलेला धागा सांधून देतात. जिला विणता येत नाही ती निदान एक लड उलगडून देते. आपला हात सुताला लागला पाहिजे, एवढीच प्रत्येकाची इच्छा.

पहाटे कापड मागावरून उतरते आणि कापण्या-शिवण्याचे काम सुरू होते. कमरेच्या मागावरील कापडाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे पट्ट्या जोडाव्याच लागतात. विनयालाही तेच हवे आहे. चीवर अखंड कापडाचे नसावे, ते पट्ट्या-पट्ट्यांचे असावे असा नियम आहे, आणि तो कसा आला हे महावग्गात सांगितले आहे. दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील भाताची शेते पाहिली. बांधांनी चौकोन पाडलेली, ओळीने मांडलेली. आनंदांना ते म्हणाले की भिक्खूंसाठी अशा आकाराची चीवरे करता येतील का? आनंदांनी ती करून दाखविली. तेव्हापासून चीवराच्या पट्ट्यांत शेत आणि शिवणीत बांध दिसतो. काप्ताईच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरे आहेत, त्यांच्या मुली दरवर्षी एका रात्रीत अशी शेते विणून भिक्खूंच्या खांद्यावर घालतात.

दुपारी मिरवणुकीने चीवर मंडपात आणले जाते. त्याच वेळी संघदान, अष्टपरिष्कार दान, बुद्धमूर्तीचे दान अशी इतर दानेही होतात. 'कल्पतरू' नावाचे बांबूचे झाड उभारलेले असते. त्याच्या फांद्यांना वह्या, पेन्सिली, साबण, वाती, नोटा असे काय वाटेल ते लोक बांधतात. संघ चीवर स्वीकारतो, कर्मवाचा होते, अनुमोदन होते. सायंकाळी दिवे लागतात आणि पाहुणे होड्यांनी किंवा पायवाटेने आपापल्या गावी परततात.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. पगार तेथेच चांगला होता. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणीसंपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. पूर्वी खेडोपाडी जाडेभरडे कापड विणणाऱ्या महारांना गिरणीत मात्र विणकामाची बंदी होती. ज्यांच्या आजोबांनी धोट्याचा हा अपमान सोसला, त्यांना बेइनघरातील 'आपला हात सुताला लागला पाहिजे' ही इच्छा निराळ्या अर्थाने कळेल.

येथवर गुणवर्णन झाले. पण काही गोष्टी स्पष्ट सांगणे इष्ट आहे. इतर सर्व दानांपेक्षा कठिन चीवरदानाचे पुण्य कितीतरी पटींनी अधिक, असे तेथील प्रवचनांतून व पत्रकांतून आवर्जून सांगितले जाते. विनयात याला आधार नाही, आणि पुण्याची अशी पटींत मोजदाद करू लागले की दानाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. वनभंतेंच्या भोवती जी व्यक्तिपूजा जमली, तीही धम्माच्या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे. रात्रभर विणतात उपासिका आणि चीवर स्वीकारतो तो भिक्खूंचा संघ. भिक्खुणीसंघ तेथे नाही. गौतमीच्या नावाशी जोडता येण्याजोग्या विधीत ही उणीव अधिकच जाणवते. मात्र ज्यांना सर्वच उत्सव कर्मकांड वाटतात त्यांच्याशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. येथे देवता नाही, नवस नाही, पुरोहिताला दक्षिणा नाही. एक काम आहे, ते वेळेत पुरे करावयाचे आहे, आणि कोणीही एकट्याने ते पुरे करू शकत नाही. आपणही चोवीस तासांचे चीवर विणावे असा याचा अर्थ नव्हे. चकमांच्या घरी माग होता म्हणून त्यांनी माग आणला.

तिनटिलाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९७९ पासून सरकारने मैदानी भागातील बंगाली कुटुंबे डोंगरी प्रदेशात आणून वसविण्यास आरंभ केला. लंगदूच्या परिसरात ती मोठ्या संख्येने आली. ४ मे १९८९ रोजी लंगदूच्या चकमा वस्त्यांवर हल्ले झाले. अनेकांचा बळी गेला, घरांबरोबर बुद्धविहारही जाळले गेले. २ डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला, सशस्त्र लढा थांबला, त्रिपुरात गेलेले निर्वासित परतले. पण जमिनीचे तंटे मिटले नाहीत. २ जून २०१७ रोजी लंगदूत पुन्हा आगी लागल्या. दोनशेहून अधिक घरे जळाली. जळालेल्या वस्त्यांत तिनटिलाही होती. घरांबरोबर घरातील माग आणि आलामही जळतात, याची नोंद नुकसानीच्या यादीत सहसा होत नाही.

१९ व २० सप्टेंबर २०२४ रोजी दिघीनाला, खागडाछडी आणि रांगामाटी येथे हिंसाचार झाला. दुकाने जाळली गेली, चौघांचा मृत्यू झाला, रांगामाटीतील मैत्री विहाराचीही मोडतोड झाली. वर्षावास तेव्हा चालूच होता. ६ ऑक्टोबरला डोंगरी प्रदेशातील भिक्खूंच्या संयुक्त संघटनेने रांगामाटीत जाहीर केले की सुरक्षिततेची शाश्वती नसल्याने त्या वर्षी तिन्ही डोंगरी जिल्ह्यांत कठिन चीवरदान होणार नाही. पवारणा झाली, पण बेइनघरे उभी राहिली नाहीत. कठिन न केल्याने भिक्खूला दोष लागत नाही. विनयात ती सवलत आहे, सक्ती नव्हे. एवढेच की ज्या आवासात कठिन होते तेथील चीवरकाल फाल्गुन पौर्णिमेपर्यंत पाच महिने चालतो, आणि ज्या आवासात होत नाही तेथे तो एकच महिना राहतो. त्या वर्षी ज्या विहारांत कठिन झाले नाही, तेथे तो १५ नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमेस संपला.